ख्रिस्ताने रक्त सांडले ते कोणासाठी?

आमच्या धर्मग्रामाचा इतिहास या पुस्तिकेत अन्यत्र आला आहे. आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत तो एका प्रश्नाचा इतिहास. आणि त्यास कारण आहे. पुरोहितदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, एक वृद्ध माता मृतस्मरणाच्या मिस्सासाठी नावांची यादी घेऊन आमच्याकडे आल्या. यादीत त्यांच्या वडिलांचे नाव होते. वडील स्नानसंस्कारावाचून वारले होते. 'हे नाव चालेल का, फादर?' असे त्यांनी विचारले. सेमिनरीतील विद्या अंगात ताजी होती, शहाणपण मात्र यावयाचे होते. 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' हे वचन आम्ही त्यांस कोरडेपणाने समजावून सांगितले. त्यांनी आमचीच लेखणी मागून घेतली, नाव खोडले आणि त्या निघून गेल्या.

हाच प्रश्न एका थोर संतासही पडला होता, हे आम्हांस पुढे वाचनात आढळले. संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली गोव्याहून निघून 15 ऑगस्ट रोजी जपानातील कागोशिमा बंदरी उतरले. तेथील नवख्रिस्ती लोकांस एका गोष्टीचे फार दुःख होई: आपल्या मेलेल्या आईबापांची गती काय? प्रार्थनेने, दानधर्माने त्यांची सुटका होईल काय? नरकात गेलेल्यांस सुटका नाही, असे झेवियर यांनी उत्तर दिले. लोक रडले, आणि त्यांना रडताना पाहून आपणांसही दुःख झाल्याचे त्यांनी जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून युरोपास पाठविलेल्या पत्रात लिहिले. मात्र त्याच पत्रात दुसराही एक विचार आहे. खून, चोरी हे पाप होय, हे ज्ञान देवाने कोणत्याही शास्त्राच्या आधी मनुष्याच्या अंतःकरणात लिहिले आहे, असे त्यांनी जपानी लोकांस सांगितले होते. देवाने ज्याच्या अंतःकरणात लिहिले, त्यास तो अगदीच विसरला असेल काय, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. संतांनी तो विचारला नाही. त्या काळच्या मिशनरीकडून त्याची अपेक्षा करणेही न्यायाचे नव्हे.

वस्तुतः प्रश्नाचा एक अर्धा भाग ख्रिस्तसभेने त्यापूर्वीच निकालात काढला होता. नवव्या शतकात गोटशाल्क नामक मठवासी, देवाने काहींस तारणासाठी व काहींस नाशासाठी आधीच नेमले आहे, असे शिकवू लागला. 849 साली किएर्झी येथे त्यास फटके मारण्यात आले व त्याचे लेख त्याच्याच हातून जाळविण्यात आले. (सत्याच्या रक्षणार्थ चाबूक उचलला गेला, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.) 853 साली त्याच किएर्झी येथे भरलेल्या धर्मसभेने ठरविले की, ज्याच्यासाठी ख्रिस्ताने दुःख सोसले नाही असा मनुष्य झाला नाही, आज नाही व पुढेही होणार नाही, दुःखसहनाचे फळ मात्र सर्वांस मिळतेच असे नाही. ट्रेंटच्या महासभेनेही 1547 साली हाच भेद केला: ख्रिस्ताचे मरण सर्वांसाठी, त्याचे फळ ज्यांस त्या पुण्याचा वाटा पोचतो त्यांस.

तरीही वाद शमला नाही. इप्रचे बिशप यान्सेन 1638 साली वारले. त्यांचा संत ऑगस्टीनवरील प्रचंड ग्रंथ 1640 साली लूव्हेन येथे प्रसिद्ध झाला. त्यावरून काढलेल्या पाच विधानांचा पोप इनोसंट दहावे यांनी 31 मे 1653 रोजी निषेध केला. पाचवे विधान असे की, ख्रिस्त सर्व मनुष्यांसाठी मेला असे म्हणणे हाच मुळी पाखंडाचा एक प्रकार होय! पोपमहाशयांनी हे विधान खोटे ठरविले. आणि ख्रिस्त केवळ निवडलेल्यांच्या तारणासाठी मेला असा त्याचा अर्थ केल्यास ते पाखंड होय, असा निर्णय दिला. यान्सेनचे अनुयायी मोठे हुशार. 'विधाने निषिद्ध आहेत खरी, पण ती ग्रंथात आहेतच कोठे?' असा पवित्रा त्यांनी घेतला, आणि फ्रान्स देश कित्येक दशके भांडत राहिला. पुढे 1690 साली, ख्रिस्ताच्या कृपेचा कोणताही परिणाम विधर्मीयांस पोचत नाही, हे मत निषिद्ध झाले. 1713 साली, ख्रिस्तसभेबाहेर कृपा मिळतच नाही, या मताचाही निषेध झाला. आम्ही त्या मातेस जे सुनावले ते या निषिद्ध मताच्या किती जवळचे होते!

मग ते जुने वचन खोटे काय? मुळीच नव्हे. 1949 साली बॉस्टन येथे काही मंडळी त्याचा अत्यंत कडक अर्थ लावू लागली, तेव्हा रोमच्या पवित्र कार्यालयाने तेथील आर्चबिशपांस पत्र लिहिले: वचन खरेच, परंतु ज्यास अज्ञानामुळे ख्रिस्तसभा ओळखता आली नाही, त्याच्या ठायी देवाची इच्छा पाळण्याची अव्यक्त वासनाही देव स्वीकारतो, मात्र तिच्या मुळाशी प्रीती व अलौकिक श्रद्धा असावी लागते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 साली हेच अधिक विस्ताराने शिकविले. 7 डिसेंबर 1965 च्या दस्तऐवजात तर तिने दोन्ही धागे एकत्र गुंफले: ख्रिस्त सर्वांसाठी मेला, म्हणून पवित्र आत्मा, देवासच ठाऊक असलेल्या रीतीने, त्याच्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी सर्वांस देतो. सर्व तरतातच, असा याचा अर्थ कोणी करू नये. संधी नाकारण्याचे स्वातंत्र्य मनुष्यास आहेच. आणि म्हणून सुवार्ता सांगण्याचे आमचे कर्तव्य संपले, असाही कोणी करू नये.

1983 च्या धर्मविधिसंहितेचे 901 वे कलम अगदी साधे आहे: जिवंत वा मृत, कोणासाठीही धर्मगुरूस मिस्सा अर्पण करता येते. हे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. ती माता दारात उभी होती तेव्हा ते आठवले नाही. पुढे आमची बदली झाली. आम्ही चौकशी केली तोवर त्या निवर्तल्या होत्या. खोडलेले नाव मात्र आमच्या ध्यानात होते. दर नोव्हेंबरात त्यांच्या नावाबरोबर तेही आम्ही यादीत आमच्या हाताने लिहितो व वेदीवर वाचतो.