यशवंतराव चव्हाण : राष्ट्रीय प्रश्नांवरील भूमिका आणि बौद्ध समाज

नांदगाव आणि मनमाड परिसरातील वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तरुणांकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. काँग्रेसच्या राजवटीने आपल्याला नेमके काय दिले आणि काय नाकारले? निवडणूक जवळ आली की या प्रश्नाची उत्तरे भाषणांतून मिळतात, पण ती अर्धवट असतात. म्हणून काँग्रेसमधील मध्यममार्गी प्रवाहाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे नेते यशवंतराव चव्हाण यांच्या भूमिका आम्ही येथे विषयवार मांडत आहोत. चव्हाणांचा नाशिकशी थेट संबंध आहे. १९६३ मध्ये नाशिक लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले होते. त्याच मतदारसंघाने १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाड यांना लोकसभेत पाठवले होते.

थोडक्यात परिचय

जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे (आताचा सांगली जिल्हा). स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास. तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे गृह (१९६६ ते १९७०), अर्थ (१९७० ते १९७४) आणि परराष्ट्र (१९७४ ते १९७७) ही खाती त्यांनी सांभाळली. १९७७ नंतर लोकसभेत विरोधी पक्षनेते, १९७९ मध्ये चरणसिंग सरकारात उपपंतप्रधान, शेवटी आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत निधन.

या कारकिर्दीला लोक 'बेरजेचे राजकारण' म्हणतात. विरोधकाला तोडण्यापेक्षा जोडून घ्यायचे, आणि टोकाची भूमिका न घेता दोन्ही बाजूंना मान्य होईल असा ठराव करायचा, ही त्यांची पद्धत. तिचा फायदा कोणाला झाला आणि किंमत कोणी मोजली, हे प्रत्येक विषयात वेगवेगळे दिसते.

महार वतन

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडले होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची राबणूक करायची, ही गुलामी संपावी हा त्यामागचा हेतू होता. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. चव्हाण मुख्यमंत्री असताना कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला.

या कायद्याने सक्तीची सेवा संपली. जमीन मात्र आपोआप पूर्ण मालकीची झाली नाही. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून ती पुन्हा नावावर करून घ्यायची होती, आणि त्यानंतरही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. आजही अनेक सातबाऱ्यांवर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. ज्यांनी रक्कम भरली नाही, किंवा ज्यांच्या जमिनी परवानगीविना दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या, त्यांच्या वारसांचे वाद अजून मिटलेले नाहीत. आपल्या घरी वतनाची जमीन असल्यास जुने फेरफार काढून ठेवा, असे आम्ही प्रत्येक कुटुंबाला सांगतो.

धर्मांतरितांच्या सवलती

बौद्ध वाचकांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि बौद्ध झालेल्या लाखो लोकांवर हक्क गमावण्याची वेळ आली.

महाराष्ट्र राज्य स्थापन होताच, १९६० मध्ये, चव्हाण सरकारने राज्याच्या अखत्यारीतील शिक्षण आणि नोकरीच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. इतर राज्ये गप्प असताना घेतलेला हा निर्णय होता. आमच्या भागातील पहिल्या पिढीचे अनेक शिक्षक, तलाठी आणि कारकून याच निर्णयामुळे घडले. ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

पण राज्याचा निर्णय राज्यापुरताच होता. केंद्रातील नोकऱ्या आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांवर बौद्ध म्हणून हक्क सांगता येत नव्हता. त्यामुळे घरात बुद्धवंदना आणि कागदावर 'हिंदू महार' अशी दुहेरी ओळख अनेकांना सांभाळावी लागली. जनगणनेतील आपली संख्याही त्यामुळे कमी दिसत राहिली. केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली ती १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. दरम्यान नोव्हेंबर १९६२ पासून मार्च १९७७ पर्यंत चव्हाण सलग केंद्रीय मंत्री होते. मुंबईत जे काही महिन्यांत होऊ शकले, ते दिल्लीत त्यांच्या चौदा वर्षांत झाले नाही. याची जबाबदारी एकट्या चव्हाणांवर टाकणे योग्य नाही. तो संपूर्ण मंत्रिमंडळाचा आणि संसदेचा विषय होता. तरीही एवढ्या वजनाच्या नेत्याने हा प्रश्न धसास लावला नाही, ही नोंद राहणारच.

जमीन आणि भूमिहीन

१९६१ मध्ये महाराष्ट्रात कमाल जमीन धारणा कायदा झाला. कोरडवाहू जमिनीची मर्यादा काही भागांत १२६ एकरांपर्यंत ठेवली होती. एवढ्या सैल मर्यादेतून भूमिहीनांच्या वाट्याला फारसे काही येणार नव्हते. ही मर्यादा ५४ एकरांवर आली ती १९७५ मध्ये. त्याआधी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि हजारोंनी तुरुंगवास पत्करला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती.

गृहमंत्री झाल्यावर चव्हाणांच्या बोलण्यात हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. १९६९ मध्ये त्यांच्या मंत्रालयाने ग्रामीण भागातील वाढत्या तणावाच्या कारणांवर अहवाल तयार केला. जमीन सुधारणा रखडल्या आणि हरित क्रांतीचा लाभ मोठ्या शेतकऱ्यालाच झाला, तर असंतोषाचा स्फोट होईल, असा इशारा चव्हाणांनी मुख्यमंत्र्यांना दिला. त्याआधी २५ डिसेंबर १९६८ रोजी तमिळनाडूत किळवेण्मणी येथे मजुरीचा वाद चालू असताना ४४ दलितांना जाळून मारण्यात आले होते. गृह मंत्रालयाचे निदान बरोबर होते. उपाय राज्य सरकारांच्या हाती होता, आणि बहुतेक राज्यांत सत्ता जमीनदार वर्गाच्या पाठिंब्यावर उभी होती. चव्हाणांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्रातही जिल्हा परिषदा (१ मे १९६२ पासून) आणि सहकारी संस्था प्रामुख्याने जमीनधारक समाजाच्या हाती राहिल्या.

अर्थकारण

जुलै १९६९ मध्ये बंगळूरच्या काँग्रेस अधिवेशनात इंदिरा गांधींचा गट आणि जुन्या नेत्यांचा गट यांच्यात आर्थिक धोरणावरून जुंपली. तेव्हा दोघांना जोडणारा ठराव पुढे आणण्यात चव्हाण आघाडीवर होते. राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी पक्षाच्या संसदीय मंडळात संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले, म्हणजे इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध. पण पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला त्यांचा पाठिंबा होता. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची बोलणीही त्यांनी गृहमंत्री म्हणून केली होती.

अर्थमंत्री असताना सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ मध्ये अत्यंत गरिबांना ४ टक्के व्याजाने बँक कर्ज देण्याची योजना आली. दुष्काळाच्या छायेत मांडलेल्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात सुमारे ५५० कोटींची तूट होती. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर तेव्हा अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. करचुकवेगिरी वाढते हे पाहून चव्हाणांनीच तो पुढच्या वर्षी ७७ टक्क्यांवर आणला. समाजवादाची भाषा आणि व्यवहाराचा हिशेब ते असा एकत्र चालवत.

भाषा, पक्षांतर आणि कायदा-सुव्यवस्था

हिंदी-इंग्रजीच्या वादात १९६७ चा राजभाषा दुरुस्ती कायदा त्यांनी संसदेत नेला. हिंदी न बोलणाऱ्या राज्यांची संमती होईपर्यंत इंग्रजी चालू राहील, असा त्याचा आशय होता. इंग्रजी शिक्षणाला मुक्तीचे साधन मानणाऱ्या आपल्या समाजासाठीही ही तरतूद उपयोगाची ठरली.

आमदारांच्या घाऊक पक्षांतराचा अभ्यास करणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती. पक्षांतर करणाऱ्याला मंत्रिपद मिळू नये आणि मंत्रिमंडळाचा आकार मर्यादित असावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. पक्षांतरबंदी १९८५ मध्ये आली, मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा २००३ मध्ये. आजचे महाराष्ट्रातील राजकारण पाहता ते दुखणे किती जुने आहे हे कळते.

याच काळात, १९६७ मध्ये, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा झाला. पुढे त्यात अनेक कडक दुरुस्त्या झाल्या. आज हा कायदा आंबेडकरी कार्यकर्ते आणि विचारवंतांवरही लावला जातो. मवाळ नेत्याच्या काळात झालेला कायदा पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

संरक्षण आणि परराष्ट्र

१९६२ च्या पराभवानंतर सैन्याची उभारणी हे चव्हाणांचे मोठे काम मानले जाते. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाईदल हे लक्ष्य त्यांच्या काळात ठरले. १९६५ चे युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले. मात्र कायम वैर हे त्यांचे धोरण नव्हते. परराष्ट्रमंत्री असताना १९७६ मध्ये चीनशी राजदूत पातळीवरील संबंध पुन्हा सुरू झाले, आणि राजदूत म्हणून गेले के. आर. नारायणन, जे पुढे राष्ट्रपती झाले.

आणीबाणी

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. चव्हाण मंत्रिमंडळात राहिले आणि त्यांनी जाहीर विरोध केला नाही. १९७८ च्या फुटीत ते इंदिरा गांधींपासून वेगळे झाले, १९८१ मध्ये परत गेले. नागरी स्वातंत्र्याच्या सर्वांत कठीण परीक्षेत मध्यममार्ग गप्प राहिला, असेच म्हणावे लागेल. राजकारणातील हा मध्य आणि तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग एक नव्हे. धम्मातील मध्यम मार्गात सम्यक वाचा आहे, आणि अन्यायापुढे मौन तिच्यात बसत नाही.

रिपब्लिकन पक्षाशी समझोता

१९६७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकांसाठी गायकवाड गट आणि काँग्रेस यांच्यात समझोता झाला. त्यामागे चव्हाणांची बेरीज होती. काही जागा आणि पदे मिळाली. स्वतंत्र रिपब्लिकन राजकारण मात्र कमकुवत झाले आणि गटबाजी वाढली, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती या निराशेतूनही. दादासाहेबांनी भूमिहीनांसाठी जे मागितले त्याचा मोठा भाग समझोत्यानंतरही कागदावरच राहिला, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

आजचा संदर्भ

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. कोणत्याही पक्षाचा मध्यममार्गी नेता दारात आला, तर त्याला या कसोटीवर तपासता येते. त्याच्या राज्यात जमीन कोणाकडे गेली? सवलत राज्यापुरती राहिली की केंद्राच्या कायद्यात आली? कठीण वेळी तो बोलला का?

चव्हाणांच्या बाबतीत उत्तरे संमिश्र आहेत. वतन गेले, नवबौद्धांना राज्यात सवलती मिळाल्या, जिल्हा परिषदेच्या शाळा वस्तीपर्यंत पोहोचल्या. जमिनीचे वाटप झाले नाही, केंद्रातील हक्कासाठी एक पिढी थांबली, आणि आणीबाणीत आवाज उठला नाही. दोन्ही बाजू तरुणांपुढे ठेवाव्यात. कृतज्ञता म्हणून मत मागणाऱ्यालाही आणि सरसकट शिव्या देणाऱ्यालाही त्यांनी हा हिशेब दाखवावा, मग आपले मत आपण ठरवावे.

जय भीम.