केलीची डिरेक्टरी आणि एक हरवलेला बूटमेकर

परवा शुक्रवारी क्लायंटचा कॉल संपता संपता पलीकडचे टेस्टिंगवाले साहेब (साठीला आलेला लंडनचा गोरा माणूस, स्वभावाने अगदी आपल्या शेजारच्या काकांसारखा) म्हणाले, "तुला एक वेगळंच काम सांगू का?" माझ्या पोटात गोळा. म्हटलं, गेला वीकेंड!

पण काम खरंच वेगळं होतं. त्यांची आई नव्वदीला टेकलीय. तिच्या लहानपणापासून घरात एक गोष्ट सांगितली जायची, खरं म्हणजे कुजबुजली जायची. तिचे आजोबा दक्षिण लंडनमध्ये वॉलवर्थला बूट शिवायचं दुकान चालवायचे आणि पोरगा दोन वर्षांचा असताना बायकोला टाकून पळून गेले. त्या पोराने, म्हणजे म्हातारीच्या वडिलांनी, जन्मभर बापाचं नाव घेतलं नाही. म्हातारीला आता एवढंच हवं होतं, की खरं काय ते कळावं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडात दर दहा वर्षांनी जनगणना होते, त्यात बघायचं. साहेबांनी ते केलंच होतं. १८९१च्या जनगणनेत नवरा-बायको आणि दुकान. १९०१मध्ये बायको आणि सात वर्षांचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'विधवा'. झालं की मग! पण नाही. त्या काळी नवऱ्याने टाकलेल्या कित्येक बायका लाजेखातर स्वतःला विधवाच लिहून घ्यायच्या. म्हणजे दहा वर्षांचं भगदाड तसंच. आणि नाव इतकं सर्रास, की मृत्यूच्या नोंदींत शोधलं तर त्या नावाचे ढीगभर लोक निघाले.

इथे केली मदतीला आला. फ्रेडरिक केली हा टपाल खात्यात पोस्टमनांवरचा इन्स्पेक्टर. १८३०च्या दशकात त्याने लंडनच्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरीचे हक्क घेतले, आणि घरोघरची माहिती गोळा करायला चक्क पोस्टमनच कामाला लावले. सरकारी माणसं, खाजगी धंदा! साहजिकच पुढे ओरड झाली आणि १८४०च्या दशकात त्याला स्वतःची माणसं नेमावी लागली. पण तोवर पुस्तकाचा जम बसला होता. दर वर्षी नवी आवृत्ती, जाडजूड, फेकून मारलं तर माणूस आडवा होईल अशी.

मला सगळ्यात आवडली ती तिची रचना. डेटा एकच, इंडेक्स तीन. दुकानदार-व्यावसायिकांच्या नावांची यादी, धंद्यांप्रमाणे यादी आणि रस्त्यांप्रमाणे यादी. (शिवाय प्रतिष्ठितांची 'कोर्ट' यादी वेगळी, ती आपल्या कामाची नाही.) रस्त्याची यादी वाचणं म्हणजे तर त्या रस्त्याने चालतच जाणं. १२ नंबरला बेकरी, १४ला कोळशाचा व्यापारी, आणि मध्येच तिरप्या अक्षरांत 'इथे अमुक गल्ली लागते'. मी तासभर उगाचच फिरत बसलो होतो.

लेस्टर विद्यापीठाने इंग्लंड-वेल्सच्या जुन्या डिरेक्टऱ्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात. सर्च मात्र जपून करावा लागतो. विल्यमचं 'डब्ल्यूएम', जेम्सचं 'जास', चार्ल्सचं 'चास' असे संक्षेप, त्यात मशीनने अक्षरं वाचताना केलेले घोळ. शेवटी मी सर्च सोडून दिला आणि सरळ पानं उलटली. १८९५च्या पुस्तकात साहेब सापडले! नाव, नंबर, बूटमेकर. १८९९च्या पुस्तकात तेच दुकान, तोच नंबर, आणि नाव बायकोचं, कंसात 'मिसेस'.

इथे मी जरा थांबलो. बाई दुकान चालवतेय म्हणजे नवरा नाही एवढंच कळलं. मेला की पळाला, हे केली सांगत नाही. पण चार वर्षांची फट आणखी बारीक करता येईल, हे कळत होतं. मधल्या आवृत्त्यांसाठी साहेब एका दुपारी लंडनच्या गिल्डहॉल लायब्ररीत जाऊन बसले. १८९६, नवरा. १८९७, बायको.

एक गोम अशी, की पुस्तकावरचं वर्ष फसवं असतं. १८९७ची आवृत्ती १८९६च्या शेवटाला तयार व्हायची. म्हणजे काय झालं ते साधारण १८९५च्या अखेरीपासून १८९६च्या अखेरीपर्यंत. मृत्यूच्या सूच्या तिमाहीवार असतात, आणि वयही दिलेलं असतं. पाच तिमाह्या, एक भाग, वय तिशीतलं. ढिगाऱ्यातून तीन नावं उरली.

घरनंबरावरही भरवसा ठेवू नये. रस्ते जोडले, नावं बदलली, की नंबर पुन्हा पहिल्यापासून. पाटण्याच्या दीन महंमदने १८१०मध्ये लंडनला हिंदुस्तानी खाण्याचं कॉफी हाउस काढलं ते जॉर्ज स्ट्रीटवर ३४ नंबरला. २००५मध्ये त्याची स्मरणपाटी लागली ती १०२ नंबरला. गंमत म्हणजे हा गृहस्थ ब्रायटनला वारला २४ फेब्रुवारी १८५१ला, आणि जनगणना झाली ३० मार्चला. पाच आठवड्यांनी हुकली. अशा माणसांची शेवटची दहा वर्षं जनगणनेत नसतातच.

आणि डिरेक्टरीत कोण नसतं? भाडेकरू, मोलकरणी, मजूर, एका खोलीत आठ जण राहणारे. घरचा कर्ता किंवा दुकानदार असेल तरच नाव. पुस्तक विकायचं होतं हो, समाजसेवा नव्हती. आमचे पणजोबा गिरणीत होते. मुंबईच्या जुन्या डिरेक्टऱ्यांत त्यांना शोधायचा विचारही मी केला नाही. ते सापडलेच तर नाशिकच्या उपाध्यायांच्या चोपड्यात सापडतील, कारण तिथे नाव लिहायला दुकान लागत नाही, फक्त यावं लागतं. असो.

तीनपैकी दुसरा दाखला बरोबर निघाला. पत्ता तोच, धंदा बूटमेकर, मृत्यू मार्च १८९६, क्षयाने, वर्कहाउसच्या दवाखान्यात. वर्कहाउस म्हणजे कंगालांचं आश्रयस्थान. दवाखाना म्हणून कित्येक गरिबांना तोच आधार असायचा, पण तिथे माणूस मेला हे सांगायची लाज पळून गेल्याच्या लाजेपेक्षा मोठी असावी. असावी म्हणतो, कारण हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

साहेबांनी आईला दाखला वाचून दाखवला. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही म्हणे. मग विचारलं, "दुकानाच्या शेजारी कोण होतं?" साहेबांनी रात्री अकरा वाजता मला मेल टाकली. मी पान उघडून उत्तर दिलं. एका बाजूला दूधवाला, दुसऱ्या बाजूला टोप्या विकणारी बाई, आणि तिच्यापुढे गल्ली लागते.