बडतर्फी आणि भेदभावाचे दावे : वागळे इस्टेट, ठाणे

नोकरीवरून काढलेल्या व्यवस्थापकाने किंवा अधिकाऱ्याने, आपल्या कामात खोट नव्हती, आपली जात, लिंग, धर्म, वंश किंवा प्रांत पाहून आपल्याला घालवले, असे म्हणून मागितलेली दाद. अमेरिका व ब्रिटन येथे असा दावा सरळ त्याच नावाने दाखल होतो. भारतात खासगी नोकरीतील सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा एकच कायदा नाही. त्यामुळे हीच तक्रार येथे अनुचित कामगार प्रथा, समान वेतन, लैंगिक छळ, ॲट्रॉसिटी किंवा नुकसानभरपाई यांपैकी एखाद्या कलमाखाली न्यायालयात येते आणि मूळ भेदभावाची गोष्ट पुष्कळदा त्या कलमात न मावणारी ठरते.

वागळे इस्टेट हे या प्रश्नाचा अभ्यास करण्यास योग्य ठिकाण आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या वस्त्या तिच्या आधाराने वाढल्या. इंजिनीअरिंगची गाळेवजा युनिटे, औषधांचे व रसायनांचे कारखाने, फाटकावर युनियनचा फलक आणि जवळच कामगार रुग्णालय, अशी तिची जुनी रचना होती. पुढे अनेक कारखाने बंद झाले आणि त्यांच्या भूखंडांवर आयटी पार्क, कॉल सेंटर आणि कार्यालयांच्या इमारती आल्या. पूर्वी येथून काढलेला माणूस बहुधा फिटर, टर्नर, पॅकर किंवा कारकून असे. आज त्याच्या नेमणूकपत्रावर एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, असिस्टंट मॅनेजर असे काहीतरी लिहिलेले असते. या बदलाने त्याची प्रतिष्ठा वाढली असेल, पण कायद्याचे छत्र मात्र त्याच्या डोक्यावरून सरकले.

कामगार की व्यवस्थापक. काढलेला माणूस ठाण्याच्या कामगार न्यायालयात गेला की मालकाच्या लेखी जबाबातला पहिला मुद्दा ठरलेला असतो : हा कामगारच नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ प्रमाणे व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येबाहेर होते आणि देखरेखीचे काम करणारेही ठरावीक पगारापुढे बाहेर जात. ही मर्यादा प्रदीर्घ काळ १,६०० रुपये होती, २०१० मध्ये ती १०,००० झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये आहे. ठाण्यासारख्या शहरात सुपरवायझरचा पगार याहून थोडा जास्त असणे ही नेहमीची गोष्ट. त्या थोड्याशा फरकाने त्याचा कामगार न्यायालयाचा रस्ता बंद होऊ शकतो.

पदनाम काय आहे यापेक्षा मुख्य काम कोणते, हे न्यायालय पाहते. बर्मा शेल कंपनीच्या व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी स्पष्ट केली. अर्कल गोविंदराज राव विरुद्ध सिबा गायगी या १९८५ च्या निकालात ती एका साध्या माणसाच्या कामी आली. स्टेनोग्राफर-कम-अकाउंटंट म्हणून लागलेल्या या मुंबईतील कर्मचाऱ्याला बढतीने अधिकारी श्रेणी मिळाली होती. त्याचे प्रमुख काम कारकुनीच राहिले, हाताखालच्या चारदोन माणसांवर लक्ष ठेवणे हे दुय्यम होते, म्हणून तो कामगारच, असे न्यायालयाने ठरवले. आजही वागळे इस्टेटमधल्या एखाद्या असिस्टंट मॅनेजरच्या प्रकरणात उलटतपासणी याच वाटेने जाते. रजा कोण मंजूर करीत होते? कोणाला कामावर घेण्याचा किंवा मेमो देण्याचा अधिकार त्याला होता का? अप्रेझलवर सही कोणाची? हा पुरावा नोंदवण्यात वर्षे जातात. त्या काळात त्याला खरोखर जातीमुळे काढले की नाही, किंवा तिला गरोदरपणामुळे काढले की नाही, हा प्रश्न फाइलमध्ये पडून राहतो. अन्याय झाला का हे विचारण्याआधी अन्याय झालेल्याची श्रेणी विचारणारी ही व्यवस्था मुळातच उलटी आहे.

कामगार ठरलेल्यांसाठी महाराष्ट्रात चांगले हत्यार आहे. महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ च्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने, अधिकाराचा देखावा करून, उघड खोट्या कारणासाठी किंवा खातेनिहाय चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून काढणे ही अनुचित प्रथा मानली आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांना झुकते माप देणे हीही त्याच अनुसूचीतली वेगळी बाब. बोलीत ज्याला ‘यूएलपी टाकणे’ म्हणतात ती ही तक्रार. मुदत ९० दिवसांची आहे, आणि राजीनामा लिहून घेऊन, फुल अँड फायनलचा धनादेश हातात देऊन घरी बसवलेल्या माणसाचे हे दिवस वकील शोधण्यातच निघून जातात. कंत्राटी कामगाराची अडचण आणखी पुढची. मालकाने नातेच नाकारले, तर हे नाते आधी दुसरीकडे सिद्ध करून या, असे सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले.

व्यवस्थापकाला उरतो तो दिवाणी दावा. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही, हे तत्त्व १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. त्याचे अपवाद तीनच : घटनेचे संरक्षण असलेले सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखालील कामगार आणि कायद्याने बांधलेल्या वैधानिक संस्थांचे कर्मचारी. खासगी कंपनीच्या व्यवस्थापकाला म्हणून नोकरी परत मिळत नाही, मिळाली तर भरपाई मिळते आणि तीही बहुधा नोटीस-काळाच्या पगाराच्या आसपास. महापालिकेच्या किंवा सरकारी कंपनीच्या अधिकाऱ्याला राज्यघटनेची कलमे १४, १५ व १६ घेऊन उच्च न्यायालयात जाता येते. रस्त्याच्या पलीकडच्या खासगी कार्यालयातील, त्याच हुद्द्यावरच्या माणसासाठी कलम १६ मधील ‘वंश’ आणि ‘लिंग’ हे शब्द कामाचे नाहीत.

लिंगभेद. या बाबतीत मुंबई परिसराने देशाला महत्त्वाचे निकाल दिले आहेत. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध व्यवसायातील कंपनीत पॅकिंग करणाऱ्या मुलीचे लग्न झाले की नोकरी आपोआप संपे. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम आव्हानित केला. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात, हे मालकाचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळले. गैरहजेरीचा प्रश्न विधवेलाही असू शकतो, तिला तुम्ही कामावर ठेवता, मग विवाहितेलाच का काढता, असा न्यायालयाचा रोख होता. १९८१ च्या नर्गिस मिर्झा प्रकरणात पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीला घरी बसवणारा एअर इंडियाचा नियम रद्द झाला. मात्र चार वर्षांच्या आत लग्न केल्यास नोकरी जाण्याची अट त्याच निकालाने टिकवली, आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा संवर्ग वेगळा असल्याने तुलनाच होत नाही असेही म्हटले. संवर्ग वेगळा केला की भेदभाव उरत नाही, हा युक्तिवाद त्यानंतर अनेक मालकांनी वापरला.

त्याला सर्वांत ठाम उत्तर मिळाले ते ऑड्री डिकोस्टा यांच्या दाव्यात, आणि या नोंदीच्या विषयाला हाच दावा सर्वांत जवळचा आहे. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतील कंपनीत त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. जून १९७७ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली. नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन अधिनियम, १९७६ खाली, पुरुष स्टेनोग्राफरांना आपल्यापेक्षा जास्त पगार होता, तो फरक द्या, अशी मागणी केली. या पदावर फक्त स्त्रियाच नेमतो, पगार युनियनशी १९७५ मध्ये झालेल्या कराराप्रमाणे आहे, आणि शिवाय कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही, असा कंपनीचा बचाव होता. पहिल्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. अपिलात तो मंजूर झाला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. काम सारखे असेल तर पदाचे नाव बदलून, केवळ स्त्रियाच नेमून किंवा युनियनची सही घेऊन वेतनातला फरक कायदेशीर होत नाही, आणि मालकाची ऐपत पाहून कायदा लागू होत नाही, हे त्या निकालाचे सार. दहा वर्षे एकटीने लढणाऱ्या या स्टेनोग्राफरचे नाव कायद्याच्या पुस्तकांबाहेर फारसे घेतले जात नाही. प्रत्येक कामगार संघटनेने ते आपल्या सभासदांना सांगायला हवे, कारण ज्या करारातून तिचा पगार कमी ठरला त्यावर युनियनचीही सही होती.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने भरती, प्रशिक्षण, बदली, बढती व वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली. गरोदरपणाच्या रजेत नोकरीवरून काढणे १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने बेकायदा ठरवले आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तत्त्व आहे. प्रसूती लाभाच्या संरक्षणाला कामगार असण्याची अट नाही, म्हणून स्त्री व्यवस्थापकांसाठी हा आधार मोठा आहे.

लैंगिक छळाचा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी, ठाणेकर कार्यालयांत अजूनही तिला विशाखा समितीच म्हणतात. त्याहून लहान गाळ्यांतील स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. या कायद्यात हुद्द्याचा अडसर नाही. मात्र काढून टाकण्याचा प्रसंग दोन्ही बाजूंनी येतो. तक्रार केलेली स्त्री काही महिन्यांत ‘परफॉर्मन्स’च्या कारणाने बाहेर जाते, आणि दुसरीकडे आरोप झालेला अधिकारी घाईने काढला जातो. गोवा विद्यापीठातील विभागप्रमुख ऑरेलियानो फर्नांडिस यांची २०१० मधील बडतर्फी १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. समितीने चौकशी इतकी घाईने उरकली की बचावाची वाजवी संधी राहिली नाही, हे कारण. चौकशी पुन्हा करण्याचा आदेश झाला. चौकशी नीट न करणाऱ्या समितीने तक्रारदार मुलींचेही तेरा वर्षे नुकसान केले, हे या निकालातून दिसते.

जात, वंश आणि प्रांत. पाश्चात्त्य खटल्यांत वंशाला जे स्थान आहे ते येथे जातीला आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या उद्योगांत तिची मुळे जुनी आहेत. कापड गिरण्यांत विणाई खात्याचा पगार चांगला. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि तेवढ्यावरून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याची दारे बंद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न पुढे आणला. कल्याणमार्गे जाणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या दलित रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिले की स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतात, म्हणून दलिताला पोर्टर नेमत नाहीत आणि तो गँगमनच राहतो.

खासगी कार्यालयांतील आजचा भेदभाव इतका उघड नसतो. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी ५४८ नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले ४,८०८ अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ इतकीच आढळली.

अस्पृश्यता पाळून एखाद्याला नोकरीपासून अडवणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नोकरी करण्यात अडथळा आणणे हाही गुन्हा झाला. हे संरक्षण व्यवस्थापकालाही आहे. अडचण सिद्धतेची. जातिवाचक अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झाला पाहिजे, अशी अट आहे. बंद केबिनमध्ये, साक्षीदाराविना झालेले बोलणे तेथे टिकत नाही, आणि काढण्याचे पत्र तर नेहमीच निर्दोष भाषेत लिहिलेले असते. शिवाय फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. नोकरी गेलेल्याला हवी असते ती नोकरी किंवा भरपाई, आणि कायदा त्याच्या हाती देतो तो गुन्हा नोंदवण्याचा मार्ग.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर १९७३ च्या मॅकडोनेल डग्लस निकालाने यावर वाट काढली. कर्मचाऱ्याने प्रथमदर्शनी भेदभाव दाखवला की काढण्याचे खरे कारण सांगण्याची जबाबदारी मालकावर येते, आणि ते कारण बनाव आहे हे दाखवण्याची संधी पुन्हा कर्मचाऱ्याला मिळते. भारतीय जातही त्या चौकटीत पोहोचली. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याच्या वतीने दावा लावला. २०२३ मध्ये वरिष्ठांविरुद्धचा भाग राज्याने मागे घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. ब्रिटनमधील तिर्की प्रकरणात २०१४ साली जात ही वांशिक मुळाच्या व्याख्येत येऊ शकते असे अपिलीय न्यायाधिकरणाने म्हटले.

वंशाचा प्रश्न भारतात ईशान्येकडील तरुणांच्या संदर्भात पुढे आला. अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया याच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला, पण खासगी नोकरीतील वांशिक भेदभावासाठी स्वतंत्र दिवाणी दाद अजूनही नाही. प्रांताच्या बाबतीत महाराष्ट्राची भूमिका वेगळीच आहे. २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणे उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांत किमान ५० टक्के व इतर जागांत ८० टक्के स्थानिकांना घ्यावे, असे धोरण आहे. भूमिपुत्राच्या मागणीमागे खरी वंचना आहे. पण ज्याला परप्रांतीय म्हणून काढले आणि ज्याला मराठी म्हणून डावलले, त्या दोघांपैकी एकालाही हा शासन निर्णय घेऊन न्यायालयातून नोकरी परत मिळवता येत नाही.

सर्वसाधारण कायद्याचा प्रयत्न. नोकरी व व्यवसायातील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १११ वा करार भारताने १९६० मध्ये मान्य केला. त्यात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ व सामाजिक मूळ ही सर्व कारणे आहेत. त्यानंतर तुकड्यातुकड्याने कायदे आले : अपंगांसाठी २०१६, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७, तृतीयपंथीयांसाठी २०१९. हे कायदे खासगी नोकरीलाही कमीअधिक प्रमाणात लागू होतात. सर्व कारणांना एकत्र धरणारे भेदभावविरोधी व समता विधेयक खासदार शशी थरूर यांनी खासगी विधेयक म्हणून मांडले, ते व्यपगत झाले. २०२५ मध्ये लागू झालेल्या चार श्रम संहितांपैकी वेतन संहितेत लिंगाधारित भेदभावाला वेतन, भरती व नोकरीच्या अटी यांपुरती बंदी आहे, काढून टाकण्याचा उल्लेख त्या कलमात नाही. जात व वंश हे शब्दही त्यात नाहीत.