गवताने शाकारलेले छप्पर पावसात गळत का नाही?

गवत, पेंढा किंवा पानांनी घराचे छप्पर झाकण्याला मराठीत 'शाकारणे' म्हणतात. कौले आणि पत्रे सर्वांना परवडू लागण्याआधी पावसाळ्यापूर्वीचे हे नेहमीचे काम होते.

कोणते साहित्य वापरतात?

आसपास जे मुबलक मिळते, तेच छपरावर जाते.

- भाताचा पेंढा: भातपट्ट्यात सहज मिळतो, पण लवकर कुजतो.
- डोंगरउतारावरचे उंच गवत: पेंढ्यापेक्षा ताठ आणि टिकाऊ.
- नारळाच्या झावळ्या: किनारपट्टीवर झावळी मधोमध चिरून, भिजवून विणतात. त्यांना झाप म्हणतात.
- उसाचे पाचट: ऊस पट्ट्यातील खोपींवर.
- साग, पळसाची पाने: जंगलाजवळच्या वस्त्यांवर.

पाणी आत का येत नाही?

एक काडी पाणी अडवू शकत नाही. काम करतो तो उतार. शाकारणी वळचणीपासून सुरू होऊन आढ्याकडे जाते. वरचा थर नेहमी खालच्या थरावर चढलेला असतो. त्यामुळे थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीला येतो आणि पागोळी होऊन खाली पडतो. भिजतात ते फक्त वरचे थर. उतार कमी पडला, तर पाणी मुरते आणि गवत कुजते. आढ्यावर दोन्ही उतार मिळतात, म्हणून तिथे सर्वात जास्त काळजी घ्यावी लागते.

काड्यांमध्ये अडकलेली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. चुलीचा धूर छप्पर कोरडे ठेवतो आणि किडीलाही दूर ठेवतो.

मग ही छपरे कमी का झाली?

आगीची भीती, उंदीर आणि वारंवार शाकारण्याचा खटाटोप ही कारणे उघड आहेत. पत्रा एकदा घातला की वर्षानुवर्षे बघावे लागत नाही. पण साहित्यही बदलले. 1960 च्या दशकापासून भाताच्या बुटक्या जाती आल्या आणि पेंढा आखूड झाला. मळणी यंत्रात तो तुटतो, चुरगळतो. सरकारी व्याख्येत असे घर 'कच्चे' ठरते. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अशा घरांच्या जागी पक्की घरे बांधण्यासाठी मदत देते.

पक्के घर सुरक्षित असते, पण पत्र्याखालचा मे महिना सोसवत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात कोंबड्यांच्या शेडवर आजही पत्र्यावर पाचट किंवा पेंढा पसरतात.