ओबरकासेलचे पिल्लू

१९१४ साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे बेसाल्टच्या खाणीत काम करताना मजुरांना एक दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री, हाडांवर लाल रंगाची माती आणि वरून दगडी चिपा. सोबत प्राण्यांचीही काही हाडे होती. त्यांतला जबड्याचा तुकडा बराच काळ लांडग्याचा समजला गेला. तो कुत्र्याचा आहे हे लक्षात यायला १९७० चे दशक संपत आले होते. आज या दफनाचे वय सुमारे १४,००० वर्षे मानतात.

कुत्रा माणसाळला कसा, या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी सर्वांत आधी हा जबडा दाखवते. दातांवरून कळते की ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. दातांच्या एनॅमलवर आडव्या रेघा आणि खळगे आहेत. दात घडत असताना जनावर फार आजारी पडले, की एनॅमल तेवढ्या काळापुरते नीट बनत नाही आणि आजाराची खूण कायमची राहते. पशुवैद्य आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक ल्यूक यान्सेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले, की पिल्लू साधारण १९ ते २३ आठवड्यांचे असताना त्याला बहुधा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग झाला आणि तो पुन्हा पुन्हा उलटला. डिस्टेंपर झालेले पिल्लू ज्यांनी घरात सांभाळले आहे, त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही: ताप, जुलाब, अन्नावरची वासना उडणे. कुणी पाणी पाजले नसते, ऊब दिली नसती, अंग पुसले नसते, तर ते इतके आठवडे तगलेच नसते. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरीही कुणीतरी त्याच्या उशाशी बसले होते.

म्हणून ‘माणसाने लांडगा माणसाळवला तो कामासाठी’ हे सरधोपट उत्तर मला पुरत नाही. कुत्र्यांचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांची उपपत्ती वेगळी आहे: धीट लांडगे वस्तीच्या उकिरड्यावर आले, कमी बुजणारे टिकले आणि हळूहळू कुत्रे झाले. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या उकिरड्यावर पहुडलेली कुत्री पाहिली की हे पटकन पटते. पण उकिरडा साठायला एका जागी टिकणारी वस्ती लागते, आणि ओबरकासेलची माणसे फिरती शिकारी होती; शेती तर पुढे हजारो वर्षांनी आली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत वाढल्या त्या शेतीच्या सोबतीने, म्हणजे कुत्रा कुत्रा झाल्यानंतर.

जनुकांच्या अभ्यासाने अलीकडे बरेच काही उलगडले. २७ प्राचीन कुत्र्यांच्या जीनोमवरून २०२० मध्ये दिसले, की ११,००० वर्षांपूर्वीच कुत्र्यांच्या किमान पाच शाखा वेगळ्या झाल्या होत्या. २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडगे तपासले गेले. कुत्रे पश्चिमेपेक्षा पूर्व युरेशियातल्या प्राचीन लांडग्यांना अधिक जवळचे ठरले, पण थेट पूर्वज म्हणावा असा एकही लांडगा त्यांत नव्हता. तो शोध अजून चालू आहे.

एक सूचना मात्र कळकळीने करते: वयाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. बेल्जियममधल्या गोये गुहेतली कवटी ३०,००० वर्षांहून जुनी आहे, पण ती कुत्र्याचीच का यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सायबेरियातल्या याकुतियात गोठलेल्या जमिनीत केसांसकट टिकलेले ‘डोगोर’ नावाचे १८,००० वर्षांपूर्वीचे पिल्लू कुत्रा की लांडगा, याची चर्चा जगभर झाली. जीनोमने ते लांडगा ठरवले.

आणि भारतातल्या वाचकाने श्रीनगरजवळच्या बुर्झहोमकडे वळावे. तिथल्या नवाश्मयुगीन दफनांत माणसांसोबत कुत्रे पुरलेले आहेत. काळ पुष्कळ अलीकडचा, माणसे निराळी. पण ती हाडे हाती घेणाऱ्याने आधी दात पाहावेत.