एक-तीन-चार-दोन

बाबांच्या कपाटात हजेरीपटासारखी एक लांबट वही आहे. बाबा राजापुरात शिक्षक होते, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय त्यांना काही लिहिताच येत नसे. या वहीत पाच रकाने आहेत : तारीख, किलोमीटर, काम, खर्च आणि शेवटचा ‘कोणी’. या शेवटच्या रकान्यात दोनच शब्द आलटून पालटून येतात. ‘स्वतः’ आणि ‘मेस्त्री’.

वही आमच्या प्रीमियर पद्मिनीची. १९८६ मध्ये बाबांनी ती मुंबईहून जुनी विकत आणली आणि २००४ मध्ये ती भंगारात गेली. सुरुवातीच्या पानांवर जवळजवळ सगळीकडे ‘स्वतः’ आहे. प्लग साफ केले, स्वतः. ऑइल बदललं, स्वतः. फॅन बेल्ट, स्वतः. मधल्या एका पानापासून मात्र ब्रेकच्या प्रत्येक कामापुढे ‘मेस्त्री’ आहे, आणि त्या शब्दाखाली दर वेळी रेघ. त्या रेघेची गोष्ट पुढे सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी गाडीचं बॉनेट फक्त काच धुण्याचं पाणी भरायला उघडलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीही त्यातलीच. पण ‘आपलं आपण करावं की पैसे देऊन करून घ्यावं’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका जुना नाही. आपल्याकडे तो फार काळ पडलाच नव्हता. नांगर मोडला तर सुतार, फाळ बोथट झाला तर लोहार. त्या कामाचे पैसे नव्हते, वर्षाकाठी धान्याचं बलुतं होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ही व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. तिच्यात दुरुस्ती हे कौशल्य असण्याआधी जन्माने वाट्याला आलेलं काम होतं. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या जातींनी हाताला काळं लावून घ्यायचं नाही, हे त्यात न सांगता आलं.

म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, ही घटना मला त्यांच्या पुढच्या कारखान्यांइतकीच मोठी वाटते. पुढे ते लोखंडी नांगरापर्यंत गेले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे पाठ्यपुस्तकात येतं. पण एका पांढरपेशा माणसाने दुकानात बसून पाना हातात धरला, त्याची सुरुवात सायकलपासून झाली. आमच्या आजीपर्यंत मात्र ही बातमी १९८६ सालीही पोचलेली नव्हती. बाबा गाडीखालून काळे होऊन बाहेर आले की ती म्हणायची, “मास्तर ना रे तू? नखं बघ. या हातांनी मुलांचे पेपर तपासणार?”

आता मोटारींकडे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं, नुसती जोडणी नको, इथे बनवणार असाल तरच थांबा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम बंद केलं. मैदानात मुख्यतः तिघे उरले : हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर इटलीच्या फियाटच्या गाड्या बनवू लागली. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डी हीच पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदललं, गाडी थोडीच बदलली, आणि शतक संपत आलं तरी ती तशीच कारखान्यातून बाहेर पडत होती.

या साचलेपणाला आपण नावं ठेवतो, आणि ती योग्यच आहेत. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पण त्याची एक दुसरी बाजू आहे, ती कोणाच्या डोक्यात नव्हती, आपोआप घडली. तीस-पस्तीस वर्षं एकच इंजिन बनत राहिलं, म्हणून त्याचं ज्ञान गल्लोगल्ली मुरलं. गिरगावातल्या उस्तादाला जे ठाऊक, ते त्याच्या हाताखालच्या पोराला, आणि तो पोर गावी परतून टपरी टाकतो तेव्हा राजापूरला. राजापुरातून आमच्या बाबांना. अशी उतरंड व्हायला वेळ लागतो, आणि लायसन्स-परमिटच्या काळात वेळ भरपूर होता.

शिवाय गाडी स्वतःला लपवत नसे. बॉनेट उघडलं की सगळं समोर. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि आजूबाजूला हात घालायला एवढी जागा की पडलेला नट दिसायचा तरी. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला सगळे ‘डेल्को’ म्हणत. डेल्को ही खरं तर एक अमेरिकन कंपनी. तिचा सेल्फ-स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकला बसला आणि हँडल मारायचा त्रास वाचला. आपल्याकडे कंपनीचं नाव वस्तूला चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. त्या डेल्कोत दोन छोटे पॉइंट असतात, त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट हवी. ती मोजायला फिलर गेज. आणि चार सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडते? एक-तीन-चार-दोन. प्लगच्या वायरी काढल्या की याच क्रमाने परत लावायच्या, नाहीतर गाडी खोकते. बे एकं बेच्या आधी मला हे पाठ झालं होतं. बाबा बॉनेटमध्ये, मी बाजूला बॅटरी धरून, आणि मध्येच प्रश्न, “चारनंतर?”

सुटे भाग ही वेगळीच कहाणी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, आणि राजापूर रोड स्टेशन आजही गावापासून इतकं लांब आहे की तिथून घरी यायला गाडीच लागते. त्यामुळे आमचे पार्ट यायचे एसटीने, नाहीतर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून. मोदकांच्या नारळांबरोबर क्लचप्लेट. मुंबईचा चुलतकाका नवा पार्ट ऑपेरा हाऊसच्या बाजूला बघायचा आणि जुना कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. वहीत त्याच्या नावापुढे खर्चाच्या रकान्यात अनेकदा फक्त ‘येणे नाही’ असं लिहिलंय. बाबांनी स्वतः काम करण्यामागे हौस होती, पण हौसेपेक्षा मोठं कारण पगाराचं होतं. शिक्षकाने गाडी ठेवायची तर तिची मजुरी स्वतःच करायला हवी होती. हे लिहिताना आपण त्याला ‘डू इट युवरसेल्फ’ वगैरे म्हणतो; ते त्याला काटकसर म्हणायचे.

आता ती रेघ.

१९९१ च्या मे महिन्यात बाबांनी ब्रेकचं काम स्वतः केलं. ड्रम उघडले, चाकांचे छोटे सिलिंडर सोडवले आणि आतले रबरी कप धुतले. कशाने? पेट्रोलने. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, सगळं ते पेट्रोलने धूत, मग हेही. त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ब्रेकचं रबर पेट्रोलने फुगतं. ते धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच. फुगलेले कप आधी घट्ट बसतात, गाडी किंचित अडखळते, वाटतं ब्रेक छान लागतायत. मग त्यांच्या कडा झिजतात, फाटतात आणि ऑइल गळू लागतं. आमच्या गाडीला चारही चाकांसाठी ब्रेक ऑइलची लाइन एकच होती. एका जागी गळती म्हणजे चारही चाकं गेली.

राजापूर खड्ड्यात वसलेलं गाव आहे. हायवेने कुठूनही या, शेवटी अर्जुना नदीकडे उतरावंच लागतं. त्या उतारावर पेडल सरळ खाली गेलं. गाडीत आई, मी आणि मांडीवर धाकटा भाऊ. बाबांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डाव्या बाजूच्या जांभ्याच्या कड्याला घासत नेली. फेंडर, दोन्ही दारं आणि आरसा. एवढ्यावर भागलं. समोरून एसटी येत होती, ती वळणाआधी थांबली. मला आवाज आठवतो, लाल दगडावर पत्रा घासल्याचा.

मेस्त्री गाडी न्यायला आला, त्याने चाक उघडलं, कप बोटात धरून वास घेतला आणि म्हणाला, “मास्तर, हे पेट्रोल कुणी दाखवलं याला?” बाबा काही बोलले नाहीत. वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे उभे राहिले. मेस्त्रीने त्यापुढे एक शब्द काढला नाही, उलट नवे कप कसे बसवायचे ते बाबांना समोर बसवून दाखवलं. बाबांनी ते नीट पाहिलं. पुन्हा मात्र कधी केलं नाही.

मला ही गोष्ट सांगायची आहे ती ‘जाणकारांवर सोडा’ म्हणण्यासाठी नाही. बाबांनी बाकीची कामं शेवटपर्यंत स्वतः केली. फक्त त्या दिवसापासून दोन प्रकारच्या चुका त्यांनी वेगळ्या केल्या. पॉइंटची फट चुकली तर गाडी सुरू होत नाही, घरीच राहते. ब्रेक चुकला तर गाडी सुरू असते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती, पण तिने लगेच काही मोडलं नाही. तिलाही कार्ब्युरेटर होता, तीही राजापूरच्या टपरीत दुरुस्त होई. खरा बदल आला तो प्रदूषणाच्या नियमांबरोबर. कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, डेल्को गेला, ठिणगी कधी पडायची ते संगणक ठरवू लागला. एप्रिल २०२० पासून बीएस-६. हवा स्वच्छ ठेवायला हे लागणारच होतं, आणि नव्या गाड्या बाबांच्या पद्मिनीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, हे मी त्या उतारावर बसून गेलेली असल्याने ठामपणे म्हणते. पण त्याबरोबर बिघाड शोधायचं ज्ञान पान्यातून निघून सॉफ्टवेअरमध्ये गेलं. आणि सॉफ्टवेअरला कुलूप लावता येतं.

ते लावलं गेलं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आक्षेप हा होता की सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि बिघाड शोधायची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकला बाजारात मिळतच नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच हा हक्क कायद्यात आणायला कौल दिला होता. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आणि मोबाइलबरोबर वाहनंही आहेत.

आयोगासमोरच्या या भांडणात गाडीचा मालक आणि रस्त्यावरचा मेस्त्री एकाच बाजूला होते. बाबांच्या वहीतले दोन्ही शब्द, ‘स्वतः’ आणि ‘मेस्त्री’, दाराबाहेर.

गेल्या जुलैत अर्जुना आणि कोदवली एकत्र फुगल्या. राजापूरकरांना यात नवल नाही, एकेकाळी जिथवर गलबतं येत त्या नदीत आता गाळ आहे, आणि बाजारातले दुकानदार पावसाचा जोर बघून माल वर चढवतात. मी मात्र मुंबईहून आलेली, निवांत. गाडी जवाहर चौकाच्या बाजूला लावली आणि दोन तासांनी पाणी दारांच्या मध्यापर्यंत आलं. पाणी उतरल्यावर माझं बोट आपोआप स्टार्टच्या बटणाकडे गेलं. मागून कोणीतरी ओरडलं, “हात काढ!”

तोच मेस्त्री. आता केस पांढरे, गळ्यात चष्मा. हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी गेलं असेल, हे त्याचं म्हणणं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यातली गाडी सुरू करून इंजिन मोडलं, तर साधा विमा बहुतेक वेळा ते नुकसान धरत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ असं जादा कव्हर घ्यावं लागतं. त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, एअर फिल्टर उघडला. फिल्टर खालच्या काठाला ओला, वर कोरडा. मग प्लग काढले, इंजिन पान्याने हाताने फिरवलं. पाणी आलं नाही. “वाचलीस.”

पद्मिनी असती तर इथेच काम संपलं असतं. डेल्कोची टोपी पुसून, पॉइंट वाळवून, चूल पेटायच्या आत घरी. या गाडीत दोन दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेस्त्रीने फोनला ब्लूटूथने जोडायचा, काही शे रुपयांचा स्कॅनर लावला. त्याने कोड सांगितला, एका सेन्सरचा. त्याने सेन्सर काढून साफ केला, कनेक्टर वाळवला. दिवा गेला. दुसरा एक कोड मात्र त्याच्या स्कॅनरला वाचताच येईना, नुसता आकडा दाखवी, अर्थ नाही. त्यासाठी मला गाडी टोइंग करून दुसऱ्या शहरात न्यावी लागली. तिथे काचेपलीकडे बसवलं, चहा दिला आणि अकरा हजारांचं बिल. काय केलं, या प्रश्नाला उत्तर मिळालं : “सिस्टिमने अपडेट केलं.” बाबांच्या वहीत हे ‘कोणी’च्या रकान्यात कसं लिहायचं, मला कळेना.

मेस्त्रीला वही दाखवली. ती त्याने कधी पाहिली नव्हती. रेघ मारलेली पानं आधी चाळली, काही बोलला नाही. मग म्हणाला, कोल्हापूरचा एक मुलगा अणुस्कुऱ्याने खाली येतो, जुनी पद्मिनी उभी करतोय. मुंबईच्या टॅक्सीतूनही २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी संपल्या, आता विचारायचं कुणाला? त्याने चष्मा चढवला आणि फोन काढून एकेक पान टिपायला घेतलं. मी पानं उलटत होते.

“प्लगच्या वायरींचा क्रम लिहिलाय का कुठे?” त्याने विचारलं. “त्या पोराची गाडी खोकते.”