‘लव्ह हार्मोन’ आणि जोडीने सापडणारे व्होल

‘ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचं हार्मोन, मिठी मारा आणि वाढवा’ अशी रील तुमच्याही फोनवर आली असेलच. हा शिक्का त्याला बसला कसा, ते आज बघू.

सुरुवातीला यात प्रेम वगैरे काही नव्हतं. १९०६ मध्ये हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला दिसलं की पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं, १९५५ मध्ये नोबेल मिळवलं. तोवर त्याची ओळख एवढीच: बाळंतपण आणि अंगावरचं दूध.

मग १९७९ मध्ये पेडरसन आणि प्रँज यांनी ते कधीच न व्यायलेल्या उंदीर माद्यांच्या मेंदूत सोडलं. त्या चक्क परक्या पिल्लांची आईसारखी काळजी घ्यायला लागल्या!

इकडे अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, लोवेल गेट्झ १९७२ पासून प्रेअरी व्होल मोजत होते. व्होल म्हणजे उंदरासारखाच छोटा, गवतात राहणारा प्राणी. गंमत अशी, की पिंजऱ्यात पुन्हा पुन्हा तेच नर-मादी एकत्र सापडायचे. स्यू कार्टर यांनी हे कोडं हार्मोन्सच्या बाजूने सोडवायला घेतलं. मेंदूत ऑक्सिटोसिन दिलं, तर मादी समागमाशिवायही जोडीदार धरायची. १९९२ मध्ये थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी दाखवलं, की जोडीने राहणारे प्रेअरी व्होल आणि एकटे राहणारे डोंगरी व्होल यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वेगवेगळ्या जागी असतात. म्हणजे हार्मोन तेच, पण मेसेज कुठे पोचतो यावर वागणं ठरतं. तरी ‘लव्ह हार्मोन’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरा ट्विस्ट २०२३ चा. देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या टीमने क्रिस्पर वापरून ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. आणि तरीही त्यांनी जोड्या जमवल्या! माद्यांनी पिल्लांना दूधही पाजलं, फक्त कमी पिल्लं जगली.

कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे ओळखीचं वाटतं. महत्त्वाचं फंक्शन उडवलं तरी सिस्टीम चालते, कारण दुसरा रस्ता आधीच असतो. जगण्यासाठी इतकी गरजेची गोष्ट निसर्ग एकाच खुंटीवर टांगून ठेवत नाही.

म्हणून कुणी ‘प्रेम वाढवणारा’ ऑक्सिटोसिन स्प्रे विकायला आलं, तर हे व्होल आठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!